देव सोडा म्हणणाऱ्यांना, आणि सोसा म्हणणाऱ्यांनाही



आपल्या बैठकांना शहरातून शिकलेले लोक येतात, सांगतात, आधी देव सोडा, मग हक्काचं बोला. दुसरीकडून महाराज येतात, म्हणतात, नशिबाचा भोग आहे, सोसा. दोघांनाही आम्ही जमैकाची गोष्ट सांगणार.

जमैका हे समुद्रापलीकडचं बेट. इंग्रजांचे उसाचे मळे, आणि त्यात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं नि त्यांची पोरंबाळं गुलाम. मजुरी नाही, चाबूक तेवढा. त्या मुलखातल्या गुलामांसाठी १८०७ साली लंडनला वेगळं बायबल छापलं. इजिप्तच्या राजाच्या गुलामीतून एक अख्खी जमात सुटून जाते, ती गोष्टच त्यातून कापली. नोकराने धन्याचं ऐकावं, ते मात्र ठेवलं. (तलाठी कागदावरून आपली नावं कापतो ना, तसंच.)

पण कापून गोष्ट थांबते काय? सॅम शार्प हा गुलामच. वाचायला शिकला, बाप्टिस्ट मंडळीत पुढारी झाला. गुलामांना एकत्र बसायला दुसरी जागा कुठली? प्रार्थनेला मात्र जमता यायचं. प्रार्थना संपली की त्याची माणसं मागे थांबत. तिथेच ठरलं: नाताळची सुट्टी संपल्यावर मजुरी कबूल केल्याशिवाय उसाला हात लावायचा नाही. बायबलवर शपथा घेतल्या. गोरे पाद्री तर उलट कामावर जा म्हणत होते! पुस्तक पाद्र्याचं, अर्थ मात्र गुलामांनी आपला लावला.

२७ डिसेंबर १८३१ च्या रात्री केन्सिंग्टनचा मळा पेटला नि संपाचा उठाव झाला. सुमारे ६० हजार गुलाम उठले. गोरे १४ मेले. गुलाम लढाईत २०० वर गेले, नंतर ३०० वर लोकांना फाशी दिली, गोळ्या घातल्या. शार्पला २३ मे १८३२ ला फासावर चढवलं. मग गोऱ्यांनी पाडलं काय, जाळलं काय? प्रार्थनाघरं. शत्रूला बरोबर कळलं होतं, बळ कुठे जमतं ते. आमच्या शहरी मित्रांना अजून कळत नाही.

देवाने येऊन बेड्या तोडल्या, असं मात्र आम्ही म्हणत नाही. काम माणसांनी बंद केलं, मेली माणसं. १८३३ ला इंग्लंडच्या पार्लमेंटला कायदा करावा लागला. तरी फुकट राबवणं १८३८ पर्यंत चाललंच. भरपाई दिली २ कोटी पौंड, तीही मालकांना! गुलामाला दमडी नाही, वीतभर जमीन नाही.

लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे राबलेले लग्नगडी आपल्याच घरांत होते. त्यांनाही भोगच सांगितला होता. गावदेवाला आम्ही बैठकीतून उठवणार नाही. महाराज पुन्हा आले तर त्यांना बसवा, पाणी द्या, नि विचारा: सावकाराला नि रेंजरसायबाला कुठला भोग आहे?