फीचा हिशेब होतो, जोखमीचा राहतो

जून २०२४च्या सुरुवातीला रशियातल्या वेलिकी नोवगोरोदला व्होल्खोव नदीत चार भारतीय वैद्यकीय विद्यार्थी बुडाले. त्यांत जळगाव जिल्ह्यातली मुले होती. पार्थिव गावी आणण्यासाठी दूतावासापासून जिल्हा प्रशासनापर्यंत सगळ्यांना खटपट करावी लागली. नंदुरबार-शहाद्यातल्या घरांना ही बातमी लांबची नाही. नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पण ‘नीट’चे गुण कमी पडले आणि खासगी कॉलेजची फी झेपेना, की रशिया-किरगिझस्तानची माहितीपत्रके घरात येतात.

त्यांत फी असते, वसतिगृह असते, भारतीय जेवणही असते. परतल्यावर पुढे काय, ते नसते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आणि तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. शिवाय त्या पदवीवर त्या देशातही डॉक्टरकी करता आली पाहिजे. मग इथली स्क्रीनिंग परीक्षा: ३०० पैकी १५० गुण. जून २०२४ला पाचांत जेमतेम एक जण उत्तीर्ण झाला. त्यानंतर भारतात पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. शैक्षणिक कर्जाचे हप्ते मात्र साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरात सुरू होतात. धडगाव-अक्कलकुव्याला डॉक्टर हवेच आहेत, पण हप्ता कमाईच्या आधी दारात येतो.

इथे विम्याचा प्रश्न येतो. जर्मनीत आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नाव नोंदवले जात नाही, ऑस्ट्रेलियात त्याशिवाय व्हिसा नाही. इतरत्र पुष्कळदा स्वस्तातली पॉलिसी घेऊन मोकळे होतात. पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च तीत आहे का, हे आधी पाहावे. युद्धातले नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते, हेही युक्रेननंतर ठाऊक असावे.

नंदुरबारचा आणखी एक खास प्रश्न सिकलसेल. इथल्या आदिवासी समाजात हा आजार बराच आढळतो आणि कडाक्याच्या थंडीत त्याचा त्रास उसळू शकतो. आधीपासूनचे आजार अनेक पॉलिसी वगळतात. म्हणून अर्जात तो लपवू नये. लपवला तर दावा फेटाळायला कंपनीच्या हाती आयते कारण मिळते. तपासणी करून, तो आजार सामावणारी पॉलिसी शोधूनच तिकीट काढावे.

कर्जाबरोबर बँक जो विमा गळ्यात घालते, तो बहुधा विद्यार्थ्याच्या जिवाचा असतो. घर चालवणारे वडील गेले तर काय? आदिवासी जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चे निर्बंध आहेत. ती विकून कर्ज फेडणे सोपे नाही, आणि ते निर्बंध आहेत हे बरेच आहे. अशा घराने कर्जाएवढ्या रकमेचा टर्म विमा वडिलांच्या किंवा कमावत्या आईच्या नावे घ्यावा.

अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, पण साऱ्या देशात वर्षाला जागा २०. पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्यांनी अर्ज जरूर करावा. एमबीबीएसला निघालेल्यांनी मात्र एजंटला पैसे देण्याआधी आयोगाचे नियम आणि पॉलिसीतली अपवादांची यादी, दोन्ही कोणाकडून तरी मराठीत समजावून घ्यावे.