उत्पन्न कोठले, कोणाचे?

उरणच्या मोरा बंदरातून सकाळच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरणारा कारकून मुंबईच्या कचेरीत दिवसभर जे काम करतो, त्याचे मूल्य सरकारी निकषानुसार मुंबईच्या उत्पन्नात जाते. पगार मात्र उरणच्या घरी येतो. उलट न्हावा-शेवा बंदरात, थळच्या खत कारखान्यात वा डोलवीच्या पोलाद कारखान्यात होणारी सर्व मूल्यवृद्धी रायगडच्या खाती जमा होते. नफा, व्याज आणि लाभांश मग कोठेही जावोत. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हा उत्पन्न काढते ते 'उत्पन्न निर्माण कोठे झाले' या तत्त्वावर. ते कोणाच्या हाती पडले, हे या आकड्याला विचारलेलेच नसते. तरीही त्यास लोकसंख्येने भागून येणारी रक्कम जणू प्रत्येक रायगडकराच्या खिशातच आहे, अशा थाटात ती सभांतून वाचून दाखविली जाते.

राष्ट्राच्या हिशेबात ही गफलत होत नाही. देशांतर्गत उत्पादनात परदेशातून आलेले उत्पन्न मिळवून व तिकडे गेलेले वजा करूनच राष्ट्रीय उत्पन्न ठरते. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या वर्षासाठी दरडोई २० रुपयांचा अंदाज मांडला, तेव्हाही येथे पिकते किती आणि त्यातून येथे उरते किती, हाच त्यांचा सवाल होता. जिल्ह्याच्या सीमेवरून होणारी पैशाची ये-जा कोणी नोंदवीत नाही, ही अडचण खरी. त्यातून अनेक क्षेत्रांचे आकडे जिल्ह्यात मोजलेलेही नसतात. राज्याचा आकडा कामगारसंख्येसारख्या निर्देशकांवर वाटून दिलेला असतो.

न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी होणाऱ्या भूसंपादनाच्या विरोधात उठलेले पाच शेतकरी जासईच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारास बळी पडले. भातखाचर आणि मिठागर गेले की त्यांचे किरकोळ उत्पादन वहीतून उतरते, बंदराचे अवाढव्य उत्पादन चढते आणि बेरीज फुगते. खाचर गमावलेल्या घरात पुढे नोकरी आली की नाही, याला त्या वहीत रकानाच नाही.

वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली विभागांचा अनुशेष मोजताना रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण अशी क्षेत्रे वेगवेगळी तपासली, हे शहाणपणाचे होते. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रचनेत जिल्हा हाच मूळ घटक धरण्यात आला आहे. तेव्हा कुटुंबांच्या प्रत्यक्ष खर्चाचा जिल्हावार आकडा दरडोई उत्पन्नाच्या शेजारी, त्याच पानावर छापण्यास संचालनालयाने आता सबब सांगू नये.