आधी हवा, मग दिवे!

टेबलावरच्या संगणकाशेजारी जी उभी पेटी असते, तिला तुम्ही काय म्हणता? सीपीयू ना? आमच्या शाळेतही सगळे तेच म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे पेटीच्या आत बसवलेली काडेपेटीएवढी चौकोनी चकती. पेटीचं नाव कॅबिनेट.

आमच्या शाळेनं गावच्या वर्गणीतून संगणक जुळवून घ्यायचं ठरवलं. आतले भाग एका माहीतगारानं लिहून दिले, कॅबिनेट निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं असेल? समोर चकचकीत काच आणि आत निळे दिवे लुकलुकणारं, दुकानातलं सगळ्यात देखणं कॅबिनेट उचललं! पोरं जाम खूश.

मार्च उजाडला, आणि दुपार झाली की संगणक आपोआप बंद पडायला लागला. "बाई, व्हायरस आला!" असा गलका झाला. तेवढ्यात पाचवीतल्या एकीनं पेटीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "बाई, हा तर तवा झालाय!"

प्लग काढून पेटी उघडली. पंख्यांच्या अगदी पुढ्यात ती काच. हवा आत शिरणार कुठून? बाजूच्या बारीक फटी होत्या, त्या खडूच्या भुकटीनं बुजलेल्या. सीपीयू फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही तापत राहिला तर संगणक बंद पडतो. म्हणजे बिचारा जीव वाचवत होता आणि आम्ही त्यालाच नावं ठेवत होतो!

म्हणून कॅबिनेट घेताना पहिली नजर समोरच्या बाजूवर टाका. तिथे जाळी हवी. पुढचा पंखा हवा आत ओढणारा आणि मागचा बाहेर फेकणारा. बहुतेक पंखे १२० मिलिमीटरचे असतात. जाळीमागे धूळ अडवणारी गाळणी असेल आणि ती सहज निघत असेल, तर फारच छान.

मग दुकानदाराला बाजूचा पत्रा काढून दाखवायला सांगा. पत्रा अंगठ्यानं दाबला की पचकतो का? कडा आत वळवलेल्या आहेत का? (कडेवरून बोट फिरवू नका. मी फिरवलं, आणि आठवडाभर डाव्या हातानं फळ्यावर लिहिलं.) मागच्या पट्ट्याही बघा. स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या मोडून काढाव्या लागतात, पुन्हा लावता येत नाहीत. मग त्या फटीतून झुरळं आत जातात, पालसुद्धा! स्क्रूनं बसवलेल्या पट्ट्या बऱ्या.

माप विचारायला विसरू नका. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ चा. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड सहसा बसतो, उलटं मात्र जमत नाही.

आई-बाबांसाठी एक गोष्ट. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, भिस्त ठेवू नका. तो चांगल्या प्रतीचा, वेगळा घ्या. आणि पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घरात अर्थिंग नीट नसण्याची शक्यता मोठी. आमच्या शाळेत तसंच होतं, आणि आमची मुलं वर्गात अनवाणी बसतात! त्याच दिवशी संगणक बंद ठेवला, वायरमनला बोलावलं आणि अर्थिंग करून घेतलं. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कोणी कापत असेल, तर त्याला तिथंच थांबवा.

आमच्या कॅबिनेटचं पुढं काय झालं? नवीन घ्यायला पैसे नव्हते. समोरची काच चार स्क्रूंवर होती, ती काढली आणि तिच्या जागी डासांच्या जाळीचा तुकडा ताणून बसवला. दर शनिवारी दोघंजण प्लग काढून ती जाळी झटकतात. एप्रिलभर संगणक एकदाही बंद पडला नाही. निळे दिवे मात्र पोरांनी काढू दिले नाहीत!