चंपेचे दगड आणि चंपेची माणसे

२०२४ या एका वर्षात व्हिएतनामला गेलेल्या भारतीय पर्यटकांची संख्या पाच लाखांच्या घरात पोहोचली. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत सिंगापूर-बँकॉकनंतरची पुढची पायरी म्हणून आज व्हिएतनामचे नाव घेतले जाते. यात वावगे काही नाही. परंतु सहल कंपन्यांची पत्रके एकदा समोर मांडून पाहावीत. हा लाँगच्या उपसागरातील नौकाविहार, बा ना टेकडीवरील दोन अजस्र हातांनी पेललेला सोनेरी पूल, होई आनचे आकाशकंदील, कू चीची भुयारे आणि दा नांगला रात्री तोंडातून आग ओकणारा ड्रॅगनचा पूल. त्या ड्रॅगनच्या पुलाच्या पश्चिम टोकाशी, हाकेच्या अंतरावर एक पिवळसर, बैठी वास्तू आहे. शिव, विष्णू, ब्रह्मा, गणेश आणि नंदी यांच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या मूर्ती तेथे आहेत. आमची मंडळी पुलाची छायाचित्रे काढून जेवायला परततात. रस्ता ओलांडण्याइतकीही जिज्ञासा ज्या समाजात उरलेली नाही, त्याने आपल्या प्राचीन वैभवाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगाव्यात?

व्हिएतनाम विमानातून कळत नाही, तो आगगाडीतून पाहावा. हानोई ते सैगोन हा १,७२६ किलोमीटरचा मीटरगेज मार्ग फ्रेंचांनी १९३६ साली पूर्ण केला. १९५४ साली देशाची फाळणी झाली आणि मार्गही तुटला. युद्ध संपल्यावर त्या राष्ट्राने उद्ध्वस्त पूल आणि बोगदे दुरुस्त करून १९७६ च्या अखेरीस तो पुन्हा सुरू केला आणि गाडीला नाव दिले ‘थोंग न्यात’, म्हणजे एकीकरण. शहराचे नाव हो ची मिन्ह झाले तरी स्थानकाचे नाव मात्र आजही सैगोन आहे. सहा बाकांच्या डब्यात भाताची पेज विकणारी ढकलगाडी येते. हुए सोडल्यावर हाय व्हानच्या घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, असा तो प्रवास. कोकण रेल्वेने जाणाऱ्यास ओळखीचा वाटावा असा.

हाय व्हान उतरून गाडी दा नांगला येते आणि तेथून दक्षिणेला ती ज्या भूमीतून धावते, ती चंपेची भूमी होय. चंपेच्या प्रदेशांची नावे उत्तरेकडून दक्षिणेकडे अशी: अमरावती, विजय, कौठार, पांडुरंग. आजच्या रुळांवर ही चारही नावे ओवलेली आहेत. दा नांगनंतर लागणारे त्रा किएउ हे लहानसे स्थानक म्हणजे प्राचीन राजधानी सिंहपूर. ज्येउ त्री स्थानकाच्या परिसरात विजय नगरी होती. न्हा त्रांग म्हणजे कौठार. आणि त्याच्या पुढचे थाप चाम म्हणजे पांडुरंग. विदर्भातील वाचकाला अमरावती आणि पंढरीच्या वारकऱ्याला पांडुरंग हे नाव तिकडच्या नकाशावर पाहून काय वाटेल, हे वेगळे सांगायला नको.

ही नावे कोणी बळाने लादलेली नव्हेत. भारतातून कोणतीही फौज तेथे गेली नव्हती. चाम राजांनी स्वतः संस्कृत स्वीकारली, शैव दर्शन स्वीकारले आणि त्याच वेळी स्वतःची भाषाही जपली. त्रा किएउजवळच्या दोंग येन चाऊ येथील शिलालेख साधारण चौथ्या शतकातला आहे. तो चाम भाषेत आहे आणि लिपी भारतीय परंपरेतील आहे. त्या सबंध भाषाकुलातील तो सर्वांत प्राचीन उपलब्ध लेख मानला जातो. न्हा त्रांगजवळ सापडलेली व्हो कान्हची संस्कृत शिळा आज हानोईच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. तिच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण आग्नेय आशियातील आरंभीच्या संस्कृत लेखांत तिची गणना होते याबद्दल दुमत नाही.

मी सनच्या खोऱ्यात (इंग्रजी स्पेलिंगवरून काहीजण ‘माय सन’ म्हणतात, ते चुकीचे आहे) भद्रवर्मा राजाने भद्रेश्वराचे देवालय स्थापिले आणि भोवतालची जमीन देवाला दिली. आपल्या शिलालेखात हा राजा पुढील पिढ्यांची अक्षरशः विनवणी करतो: मी दिलेले हे दान मोडू नका, जो मोडील त्याचे पुण्य माझ्याकडे येवो आणि माझे पाप त्याच्याकडे जावो. आपल्याकडील ताम्रपटांच्या अखेरीस येणाऱ्या शापवचनांशी हे ताडून पाहावे. इसवी सन ६५८ मधील प्रकाशधर्म राजाच्या लेखात त्याच्या एका पूर्वजाची कथा आहे. त्याचे नाव गंगराज. गंगेचे दर्शन घ्यावे म्हणून त्याने राज्य सोडले. याच प्रकाशधर्माने सिंहपुरात महर्षी वाल्मीकींच्या पूजेचे स्थान उभारले. आदिकवीला देवत्व देऊन त्याचे मंदिर बांधणारा राजा आपल्याकडे तरी किती झाले?

गंगेच्या ओढीने एक राजा सिंहासन सोडून निघाला आणि त्याच्या राज्याचे नाव आज आमच्या मुलांना ठाऊक नाही. शाळेच्या पुस्तकात आग्नेय आशियाची बोळवण एक-दोन परिच्छेदांत होते आणि परीक्षा संपली की तेवढेही पुसले जाते.

दा नांगचे ते संग्रहालय १९१५ साली बांधावयास घेतले गेले आणि १९१९ मध्ये ते खुले झाले. त्यामागे आँरी पार्मांतिए या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञाचे परिश्रम होते. दालनांना स्थळांची नावे आहेत: मी सन, त्रा किएउ, दोंग जुओंग, थाप माम. मी सनच्या ‘ई-१’ देवळाच्या दर्शनी पट्टीवर शेषशायी विष्णूच्या नाभिकमलातून ब्रह्मा प्रकट होत आहे. त्याच देवळाच्या पीठावर अरण्यातील तपस्व्यांचे जीवन कोरलेले आहे. कोणी वाद्य वाजवतो आहे, कोणी उपदेश करतो आहे. आणि ‘ई-५’ देवळातला गणपती उभा आहे. हातातल्या खाऊच्या वाटीत त्याची सोंड पोहोचली आहे. मराठी मनुष्याला याहून अधिक ओळख करून देण्याची गरज नाही. या मूर्तींना आज व्हिएतनाम सरकारने राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला आहे. कम्युनिस्ट पक्षाची राजवट असलेल्या देशात शेषशायी विष्णू ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरतो आणि तिकडच्या कोणालाही त्यात संकोच वाटत नाही.

संकोच वाटतो तो आमच्याकडील विशिष्ट विद्वत्-वर्तुळाला. चंपा, कंबुज, श्रीविजय यांचा नुसता उल्लेख केला तरी ‘बृहत्तर भारताचे स्वप्नरंजन’ असा शिक्का तयारच असतो. कलकत्त्यात १९२६ साली ग्रेटर इंडिया सोसायटी स्थापन झाली आणि १९२७ मध्ये रमेशचंद्र मजुमदारांचा चंपेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी चंपेच्या शिलालेखांचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह भारतीय वाचकापुढे ठेवला. पुढे मजुमदारांना ‘राष्ट्रवादी’ म्हणून बाजूला सारण्यात आले. ठीक. मग त्यांच्यापेक्षा चांगले काम ज्यांनी करावयास हवे होते, त्यांनी काय केले? त्यांनी विषयच सोडून दिला. चंपेच्या दोनशेहून अधिक ज्ञात शिलालेखांचे वाचन मुख्यतः फ्रेंच पंडितांच्या परंपरेत झाले. आमच्या संस्कृतचा अभ्यास करावयाचा तर आम्ही पॅरिसकडे तोंड करावयाचे, ही पुरोगामित्वाची फलश्रुती म्हणावी काय?

परंतु दोष केवळ त्यांना देऊन आपली सुटका होणार नाही. आपल्या बाजूची कहाणी अधिक लाजिरवाणी आहे, कारण आपण अभिमानाचा दावा करतो. मे २०२० मध्ये मी सन येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाला नवव्या शतकातील एकसंध वालुकाश्माचे शिवलिंग मिळाले. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्याची छायाचित्रे प्रसिद्ध केली. आठवडाभर आपल्या भ्रमणध्वनींवर दुसरे काही नव्हते. कोणी ‘हिंदू साम्राज्य’ म्हणाले, कोणी ‘आपली वसाहत’. नंतर सारे शांत झाले. २०१७ ते २०२२ या काळात आपल्या पथकाने तेथील अ, एच आणि के या समूहांतील देवळांचे जतन केले. ते काम खरोखर उत्तम झाले. त्याविषयी चार वाक्ये सांगू शकेल असा माणूस किती शाखांत, किती व्याख्यानमालांत भेटेल? ऑगस्ट १९६९ मध्ये अमेरिकी बाँबवर्षावात मी सनचे सर्वांत उंच ‘अ-१’ हे मंदिर कोसळले. त्यानंतर १९८० च्या दशकात तेथे भूसुरुंगांच्या सावटात ठाण मांडून राहिला तो काझीमेझ क्वियात्कोव्स्की हा पोलंडचा वास्तुविशारद. १९९७ साली हुए येथे त्याचा मृत्यू झाला. होई आनमध्ये त्याचा पुतळा आहे. आमचे पर्यटक त्या पुतळ्यासमोरून कंदील विकत घ्यायला जातात. १९९९ मध्ये मी सनला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामागे या परक्या माणसाचे कष्ट आहेत.

आणि ‘वसाहत’ हा शब्द तर आपण टाकूनच द्यावा. मजुमदारांनी तो वापरला तो त्यांच्या काळाचा शब्द म्हणून. गुलाम देशाला आपणही कधी काळी वसाहती केल्या होत्या असे म्हणण्यात दिलासा मिळत असेल. पण जे तलवारीविना घडले, जे चाम राजांनी स्वेच्छेने स्वीकारले आणि आपल्या प्रतिभेने घडविले, त्याला वसाहत म्हणणे म्हणजे त्याचे मोल इंग्रज-फ्रेंचांच्या लुटीच्या पातळीवर आणणे होय. पांडुरंग या नावाचेही तेच. नाव ऐकताच पंढरीचे वारकरी समुद्रापार गेल्याच्या कथा रचू नयेत. चंपा शैव होती आणि ते नाव तिच्या शिलालेखांत विठ्ठलभक्तीच्या ज्ञानदेवप्रणीत बहरापेक्षा पुष्कळ आधीपासून आहे. सत्य एवढे सुंदर असताना त्याला खोटी झालर लावण्याचे कारण काय?

सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. चंपा मेली नाही. १४७१ साली विजय नगरी दाई व्हिएतच्या ले थान्ह तोंग राजाच्या सैन्यापुढे पडली आणि १८३२ मध्ये मिन्ह मांग बादशहाने उरलासुरला पांडुरंगही गिळला. पण माणसे राहिली. २०१९ च्या जनगणनेत व्हिएतनाममध्ये १ लाख ७८ हजारांहून अधिक चाम नोंदले गेले, आणि ६४ हजारांहून अधिक लोकांनी आपला धर्म ‘बा ला मोन’ असा सांगितला. हा शब्द सावकाश उच्चारून पाहावा: ब्राह्मण. हे लोक गोमांस खात नाहीत, मृतांना अग्नी देतात, त्यांच्या घराण्याचा वंश आईकडून चालतो. त्यांचे शेजारी आणि सोयरे असलेले बानी चाम इस्लामची एक स्थानिक परंपरा पाळतात आणि डुकराचे मांस वर्ज्य मानतात. दोन्ही समाज एकमेकांना पूरक मानण्याची त्यांची जुनी रीत आहे. आपल्याकडील वादांच्या साच्यात ती बसवू जाल तर काहीच कळणार नाही.

थाप चाम या शब्दाचा अर्थच चाम मनोरा. त्या स्थानकाजवळच्या टेकडीवर पो क्लोंग गरायचे देऊळ आहे. ते तेरावे शतक संपता-संपता जय सिंहवर्मा तिसरा याच्या काळात उभे राहिले. दारावर सहा हातांचा नृत्यरत शिव, आत नंदी, गाभाऱ्यात राजाच्या मुखाचे मुखलिंग. न्हा त्रांगच्या पो नगरमध्ये भगवती आज व्हिएतनामी भाविकांचीही माता आहे. हे देवालय ७७४ मध्ये समुद्री चाच्यांनी जाळले होते आणि ७८४ मध्ये सत्यवर्म्याने ते पुन्हा बांधले. थाप चामला मात्र पूजा चाम पुजारीच करतात. चाम पंचांगाच्या सातव्या महिन्यात काते हा उत्सव येतो. देवाची वस्त्रे वर्षभर डोंगरातील रागलाय या दुसऱ्या जमातीच्या ताब्यात असतात. उत्सवासाठी ती वाजतगाजत खाली येतात, मूर्तीला स्नान घालून वस्त्रे नेसवतात, दोन तारांच्या कान्हीवर देवांची स्तोत्रे गायिली जातात.

म्हणजे शिवलिंग सापडल्यावर ज्यांनी आनंदाने संदेश फिरवले, त्यांना लिंगाची पूजा करणारी जिवंत माणसे दिसली नाहीत! दगडाची बातमी झाली, माणसांची झाली नाही. ही अनास्था पुरोगाम्यांनी शिकवलेली नाही, ती आपली स्वतःची आहे. हा समाज शेतकरी आहे, संख्येने अल्प आहे आणि आपली लिपी, आपले पोथीवाङ्मय टिकविण्यासाठी धडपडतो आहे. त्याला आपल्याकडून उपदेश नको. आपण त्याचे ‘मूळ’ आहोत हे सांगायला जाणे तर शुद्ध उद्धटपणा ठरेल. ऐकणारे कान घेऊन कोणी जाईल काय, एवढाच प्रश्न आहे.

हे करून दाखविणारी माणसे आपल्यातच होऊन गेली. १९६२ साली जनसंघाच्या अध्यक्षपदी निवडले गेलेले डॉ. रघुवीर यांनी आशियाच्या भाषा शिकून, देशोदेशी हिंडून पोथ्या आणि हस्तलिखिते गोळा केली आणि सरस्वती विहारात एक सबंध खंड उभे केले. त्यांची तसबीर लावणे सोपे आहे. त्यांच्यासारखी एक परकी भाषा शिकणे कठीण आहे. महाराष्ट्रात संस्कृत घेऊन पदवीधर होणाऱ्या मुलामुलींपैकी दरवर्षी दोघांना तरी चाम आणि व्हिएतनामी शिकण्यासाठी पाठविता येईल इतके धन आपल्या उत्सवांच्या मंडपांवर एका रात्रीत खर्च होते. चंपेचे शिलालेख देवनागरीत आणि मराठी अर्थासह घराघरांत असावेत, ही मागणी आपण कोणत्या संस्थेकडे आजवर केली आहे? सहलीचे पैसे भरताना मी सनचा आणि थाप चामचा आग्रह आपण धरतो काय?

काते बहुधा ऑक्टोबरच्या आसपास येते. तारीख चाम पंचांगावरून ठरते, तेव्हा निघण्यापूर्वी तिकडे विचारून घ्यावी. निन्ह थुआन प्रांत जुलै २०२५ पासून खान्ह होआ प्रांतात विलीन झाल्यामुळे जुन्या पुस्तकांतील पत्ते जुळत नाहीत. न्हा त्रांगहून थाप चाम आगगाडीने दीड-दोन तासांवर आहे. टेकडीवर अनवाणी चढावे आणि पुजाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय गाभाऱ्याचे छायाचित्र काढू नये.