बाल न्याय मंडळाच्या लिपिकाला पुरेसा पगार द्या



मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीने कल्याणीनगरचा अपघात झाला आणि बाल न्याय मंडळ घरोघरी चर्चेत आले, इथे अमिरातीतल्या मराठी घरांतही. त्याचा जामीन, जामिनाच्या अटीतला निबंध, मंडळाचे सदस्य, सगळ्यांवर बोलून झाले. मंडळाची फाइल सांभाळणाऱ्या लिपिकाचा विषय मात्र कोणी काढला नाही.

२०१५ चा बाल न्याय कायदा मुदतींवर चालतो. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून मिळतात. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही ती संपली नाही, तर प्रकरणच बंद होते. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत अटी पुऱ्या झाल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते. जामीनदार न मिळालेल्या गरिबाच्या मुलाचा सातवा दिवस नोंदवहीत कोणीतरी पाहावा लागतो. तो चुकला तर मूल निरीक्षणगृहातच अडकून पडते.

गोपनीयतेचेही तेच. अमिरातीने १९७६ चा बालगुन्हेगारी कायदा बदलून २०२२ मध्ये नवा आणला. इथेही मुलांच्या प्रकरणांची सुनावणी बंद दाराआड होते. भारतात मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पण दार बंद केले तरी कागद लिपिकाच्याच हातात असतो.

अशा जबाबदारीच्या कामाला ‘मिशन वात्सल्य’ या बालसंरक्षण योजनेतून सहायक तथा डाटा एन्ट्री ऑपरेटर कंत्राटावर नेमले जातात. मानधन महिना १४ हजारांच्या आत. पुण्या-मुंबईत एवढ्यात संसार कसा चालावा? बरी नोकरी मिळताच माणूस निघून जातो आणि नव्याला सगळे पहिल्यापासून शिकवावे लागते.

‘योजनेतले पद आहे, कायमचे नाही’ हे उत्तर आता पुरे. समान काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यालाही नियमित वेतनश्रेणीतले किमान वेतन मिळाले पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग खटल्यात दिला आहे. त्या न्यायाने या लिपिकांना न्यायालयातील कनिष्ठ लिपिकाइतके किमान वेतन द्यावे. योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात उचलतात. वरचा फरक महाराष्ट्र सरकारने आपल्या तिजोरीतून भरावा. येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी तरतूद व्हावी आणि आपल्या दैनिकाने हा प्रश्न लावून धरावा, ही विनंती.

– एक वाचक, शारजा