चिटणीसाची वही

गावोगावच्या चौकांत आणि शहरांतील उड्डाणपुलांखाली वर्षभर लटकणारे अभिनंदनाचे फलक बारकाईने वाचले, तर महाराष्ट्रातील राजकीय पक्षांच्या प्रकृतीचे निदान तेथेच होऊ शकते. कोणाची तालुका उपाध्यक्षपदी नियुक्ती झालेली असते, कोणाची शहर संघटक म्हणून, तर कोणाची एखाद्या आघाडीच्या सहचिटणीसपदी. नेत्यांची छायाचित्रे उतरत्या क्रमाने असतात, शुभेच्छुकांची यादी असते. ज्या पदावर नियुक्ती झाली त्या पदाचे काम कोणते, याचा पत्ता मात्र नसतो. फलकावर तो असावा अशी अपेक्षाही नाही. परंतु ज्याचे अभिनंदन चालले आहे त्यालाच हा प्रश्न विचारला, तर धड उत्तर मिळेल याची शाश्वती उरलेली नाही.

पदाकडे दायित्व म्हणून न पाहता हुद्दा म्हणून पाहण्याची सवय आता सर्वच पक्षांत रुजली आहे. जे पक्ष स्वतःला कार्यकर्त्यांचे पक्ष म्हणवितात, तेही तिला अपवाद नाहीत. ज्याला उमेदवारी देता येत नाही त्याला पद द्यायचे, दोन गटांत मिटत नसेल तर दोघांनाही उपाध्यक्ष करायचे, आणि तरीही नाराज उरलेच तर 'निमंत्रित सदस्य' नावाची पंगत मांडायची. अशा रीतीने फुगलेल्या कार्यकारिणीला वृत्तपत्रे 'जम्बो' म्हणतात. हत्तीचे नाव देण्यात थोडा अन्याय आहे. हत्ती कामाचा प्राणी आहे.

वास्तविक स्थानिक समितीची रचना साधी आहे. अध्यक्षाने बैठक बोलवावी, सर्वांचे ऐकावे, निर्णयाला आणावे आणि झालेल्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहावे. तो स्वतःच बोलत राहिला तर ती बैठक नव्हे, सभा. उपाध्यक्षांनी अध्यक्षांच्या अनुपस्थितीत हेच करावे आणि एरवी एखाद्या भागाची अथवा विषयाची जबाबदारी घ्यावी. खरा भार येतो तो चिटणीसावर आणि कोषाध्यक्षावर, आणि नेमकी हीच दोन पदे आज सर्वांत दुर्लक्षित आहेत.

'चिटणीस' हा शब्दच आपले काम सांगतो. चिठ्ठी आणि फारसीतील 'नवीस', म्हणजे लिहिणारा. शिवछत्रपतींच्या पदरी बाळाजी आवजींनी हे नाव कर्तृत्वाने मोठे केले. राज्यव्यवहारकोशाच्या निमित्ताने सुरनिसाचा सचिव आणि वाकनिसाचा मंत्री झाला. नावे पालटली, लिहिण्या-तपासण्याचे काम पालटले नाही. आजच्या पक्षाच्या चिटणीसानेही तेच करावयाचे आहे. बैठकीची सूचना मुदतीत काढणे, विषयपत्रिका तयार करणे, उपस्थितांच्या स्वाक्षऱ्या घेणे, गणपूर्ती झाली की नाही ते पाहणे, ठराव कोणी मांडला व कोणी अनुमोदन दिले ते टिपणे, पुढील बैठकीत मागचे इतिवृत्त वाचून कायम करून घेणे, सदस्यांची नोंदवही अद्ययावत ठेवणे. कंटाळवाणे काम आहे. त्याला टाळ्या पडत नाहीत आणि त्याचे छायाचित्रही चांगले येत नाही.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्याकडे १९५२ च्या डिसेंबरात जनसंघाचे महामंत्रिपद आले आणि ते त्यांनी सुमारे पंधरा वर्षे सांभाळले. अध्यक्षपद त्यांना १९६७ च्या डिसेंबरात कालिकतच्या अधिवेशनात मिळाले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. अध्यक्ष म्हणून त्यांना दोन महिनेही पुरते मिळाले नाहीत. पक्ष बांधला गेला तो चिटणीसाच्या खुर्चीवरून.

या वहीचे मोल केवळ शिस्तीपुरते आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी महाराष्ट्रातीलच अलीकडचा इतिहास पाहावा. पक्ष फुटला की खरा पक्ष कोणता, हे १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार निवडणूक आयोग ठरवितो. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, तेव्हा विधिमंडळ पक्ष आणि संघटना या दोन्ही ठिकाणचे बहुमत तपासण्यात आले, आणि १९७१ मध्ये सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मान्य केली. शिवसेनेच्या वादात १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने निकाल दिला, तेव्हा २०१८ मधील घटनादुरुस्ती आयोगाच्या नोंदीवर नसल्याचा आणि पदाधिकारी निवडीची पद्धत लोकशाहीला धरून नसल्याचा मुद्दा पुढे आला. संघटनेतील बहुमताची कसोटी त्यामुळे निरुपयोगी ठरली आणि निर्णय आमदार-खासदारांच्या संख्येवर गेला. १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी निर्णय देताना १९९९ ची घटना ग्राह्य धरली, कारण आयोगाच्या दप्तरी तीच होती. राष्ट्रवादी काँग्रेसच्या बाबतीत ६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने दिलेल्या निकालातही संघटनात्मक कसोटी निर्णायक ठरू शकली नाही आणि मोजणी पुन्हा लोकप्रतिनिधींचीच झाली.

या निकालांना सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, आणि कोणता गट नैतिकदृष्ट्या बरोबर हा येथे विषय नाही. विषय असा की, ज्या लाखो सामान्य सदस्यांनी वर्षानुवर्षे वर्गणी भरली, भिंती रंगविल्या, मोर्चे काढले, त्यांचे मत पक्षाच्या जीवनमरणाच्या क्षणी मोजताच आले नाही. त्यांनी ज्यांना निवडावयाचे होते ते पदाधिकारी नेमले गेले होते, किंवा निवडले गेल्याचा भरवशाचा कागद नव्हता. जिल्ह्याची निवडणूक तालुक्याच्या यादीवर उभी असते आणि तालुक्याची यादी गावच्या चिटणीसाच्या वहीवर. खाली वही नसेल, तर वर उरतात ते केवळ आमदार.

कायदा यात फारसे साहाय्य करीत नाही. पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात केली होती. ती कायद्यात उतरली नाही. नोंदणी झालेल्या पक्षाने आपल्याच घटनेचा भंग केला म्हणून आयोग त्याची नोंदणी रद्द करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा बाहेरून छडी उगारणारा कोणी नाही. वही ठेवायची ती स्वतःच्या मनाने.

कोषाध्यक्षाचे तसे नाही. तेथे छडी आहे. वीस हजार रुपयांवरील देणग्यांचा अहवाल आयोगाला देण्याचे बंधन २००३ पासून आहे, आणि दोन हजारांहून अधिक रोख देणगी स्वीकारल्यास प्राप्तिकरातील सवलतीवर पाणी सोडावे लागेल, अशी अट २०१७ मध्ये घालण्यात आली. हिशेब मात्र दिल्लीत अथवा मुंबईत तयार होत नाही. तो गणेशोत्सवातील मंडपाच्या, रक्तदान शिबिराच्या, सभेसाठी भाड्याने घेतलेल्या खुर्च्यांच्या पावत्यांतून वर चढतो. स्थानिक पातळीवर व्यवहार कसा चालतो हे सर्वांना ठाऊक आहे. एखादा बांधकाम व्यावसायिक परस्पर मंडपवाल्याचे बिल भागवितो, वहीत काहीच चढत नाही आणि समितीचा कोषाध्यक्ष मंचावर मागच्या रांगेत बसलेला असतो. त्या बिलाची परतफेड मात्र पुढे कधीतरी नगरपालिकेच्या एखाद्या ठरावातून होते. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने चार आणे वर्गणीच्या सदस्यत्वावर आपली संघटना नव्याने उभी केली आणि पुढल्याच वर्षी टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये जमविले. तिजोरीची किल्ली वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्याकडे दीर्घकाळ होती. मतभेद असणाऱ्यांनीही ज्यांच्या हिशेबावर शंका घेऊ नये, अशी व्यक्ती कोषाध्यक्ष करायची असते, हे त्या काळी कोणाला सांगावे लागत नव्हते.

निवडणूक जिंकण्याशी या वह्यांचा काय संबंध, असा व्यवहारी प्रश्न हमखास येतो. बिहारमध्ये २०२५ साली मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले आणि प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. राजकारण तापले, सभा झाल्या, यात्रा निघाल्या. त्याच वेळी निरनिराळ्या पक्षांनी नेमलेल्या मतदान केंद्र प्रतिनिधींची संख्या दीड लाखाहून अधिक होती, आणि ऑगस्टमधील सुनावणीत त्यांच्याकडून आलेल्या हरकती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने पक्षांच्या निष्क्रियतेबद्दल आश्चर्य व्यक्त केले. यादी बरोबर होती की चूक, हा वाद वेगळा. नेमणुकीचा कागद हाती असलेल्या माणसाने गल्लीत जाऊन नावे ताडून पाहिली असती, तर त्या वादाला पुराव्याचा आधार मिळाला असता. मग तो कोणत्याही बाजूने असो.

मतदानाच्या दिवशीही हेच. सकाळी अभिरूप मतदानाच्या वेळी हजर राहणे आणि सायंकाळी केंद्राध्यक्षांकडून नमुना १७-सी ची प्रत घेणे, ही मतदान प्रतिनिधीची दोन ठळक कामे. त्या कागदावर केंद्रात नोंदल्या गेलेल्या मतांची संख्या असते. २०२४ मध्ये मतदानाच्या अंतिम आकड्यांवरून देशभर धुरळा उडाला, तेव्हा ज्या समित्यांकडे या प्रती केंद्रनिहाय लावून ठेवलेल्या होत्या त्यांना वाद घालायचा की नाही हे एका संध्याकाळी ठरविता येत होते. इतरांना वृत्तवाहिन्यांवर अवलंबून राहावे लागले.

नवी समिती निवडली गेली की पहिल्या बैठकीत सत्कार होतात. त्याच बैठकीत मावळत्या चिटणीसाने इतिवृत्ताची व सदस्यांची वही आणि मावळत्या कोषाध्यक्षाने रोकडवही, पावतीपुस्तके व बँकेचे पासबुक नव्या पदाधिकाऱ्यांच्या हवाली करावे, आणि तशी नोंद नव्या वहीच्या पहिल्या पानावर व्हावी. जेथे हवाली करण्यासारखे काहीच निघणार नाही, तेथे निदान तेवढे तरी त्या पानावर लिहावे.