डोळ्यातले कुसळ आणि सरकारचे मुसळ



ज्वारी काढताना पाते डोळ्यावर सपकन बसते. कापूस वेचताना वाळल्या बोंडाचे टोक बुबुळाला ओरखडा काढते. मळणी यंत्रासमोर कुसळ उडते. असे कुणाला झालेले नाही? डोळा लाल होतो, आपण चोळतो, पाणी मारतो आणि पुन्हा कामाला लागतो. बहुतेकांचा बरा होतो. काहींचा होत नाही. काही दिवसांत ठणका लागतो, उजेड सोसवत नाही, नजर अंधूक होते, बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. मग एक दिवस गाव म्हणते, 'डोळ्यात फूल पडले, नशीब त्याचे.'

आमचे म्हणणे असे की यात नशिबाचा वाटा फार थोडा आहे. हा डोळा उशिराने जातो, चुकीच्या औषधाने जातो आणि ज्यांनी बघायचे त्यांनी न बघितल्यामुळे जातो.

पात्यावर, कडब्यावर, मातीत बुरशी असतेच. तुरीला आणि कपाशीला मर लावणारी फ्युजारियम तुम्हाला ठाऊक आहे. त्याच कुळातल्या बुरशा, आणि ॲस्परजिलस, बुबुळाच्या ओरखड्यातून आत शिरतात आणि तिथे व्रण करतात. पऱ्हाटी सुकताना दिसली तर तुम्ही झाड उपटून मूळ बघता, मर की मूळकूज ते ठरवता. बुरशीवर कीटकनाशक मारणाऱ्याला आपण वेड्यात काढतो. आणि डोळ्याला मात्र काय करतो? मेडिकलच्या काउंटरवर उभे राहून म्हणतो, 'डोळा लाल झालाय, थेंब द्या.'

त्या थेंबांत बऱ्याचदा स्टिरॉइड असते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असे नाव असेल तर ते स्टिरॉइड समजा. हे औषध वाईट नव्हे. डोळ्याच्या आतल्या सुजेला किंवा मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर ते मुद्दाम देतात, आणि ते आपल्या मनाने बंदही करू नये. पण बुरशीच्या व्रणात ते टाकणे म्हणजे तणाला युरिया देणे. लाली उतरते, ठणका कमी होतो, माणूस खूश होतो आणि आत बुरशी फोफावते. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असा कायदा आहे. तो पाळला जातो का, हे कोणत्याही बाजारपेठेत जाऊन बघा. घरातही तेच: आजीच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली फळीवर असते, ती सुनेच्या डोळ्यात जाते. मध, तूप, आईचे दूध, जिभेने कुसळ काढणे, हे सगळे त्याच वाटेचे.

२०२३ च्या पावसाळ्यात गावोगाव डोळे आले होते. ते विषाणूचे दुखणे; बहुधा आपोआप निवळते. त्यामुळे प्रत्येक लाल डोळा 'आलेला' समजायची सवय लागली. डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही चिकटतात आणि घाण पुसली की नीट दिसते. एकच डोळा, शेतात मार लागल्यानंतर, ठणकणारा आणि अंधूक, हा व्रण समजून तडक नेत्रतज्ज्ञ गाठायचा.

व्रण जिवाणूचा की बुरशीचा, हे वरून खात्रीने कळत नाही. व्रणाचे थोडे खरवडून काचेवर घ्यायचे, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. बुरशीचे धागे असतील तर बहुधा दिसतात. खरवडणे तज्ज्ञाचे काम, मान्य. पण बाकी सामान क्षयरोगाचा बेडका जिथे तपासतात तिथे ठेवता येईल इतके साधे आहे.

बुरशी निघाली तर नाटामायसिनचे ५ टक्के थेंब. २०१० आणि २०११ मध्ये अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर हे औषध आणि नवे व्होरिकोनाझोल ताडून पाहिले. जुने नाटामायसिनच सरस ठरले, फ्युजारियमवर तर फारच. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळच्या मातीतून १९५५ च्या सुमारास हे औषध मिळाले. युरोपात चीजच्या सालीवर बुरशी येऊ नये म्हणून तेच लावतात! त्यांच्या चीजला जे मिळते ते आमच्या माणसाच्या डोळ्याला तालुक्याला मिळेल, अशी हमी कोण देतो?

व्रण होऊच नये म्हणून काय करता येते, ते नेपाळने दाखवले. १९९० च्या दशकात भक्तपूर जिल्ह्यात गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून तयार केले. ओरखड्याला ४८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्का मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. ४४२ ओरखड्यांपैकी ४२४ व्रण न होता भरून आले. मलम साधेच हवे, स्टिरॉइड मिसळलेले नको. ते बुरशी मारत नाही, म्हणून डोळा निवळला नाही तर थांबायचे नाही.

आपल्याकडे अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. १९९४ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज आले, त्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. ते कर्ज मोतिबिंदूसाठी. ऑपरेशने झाली, चांगले झाले. पण मोतिबिंदूने गेलेली नजर ऑपरेशनने परत येते. फूल पडलेल्या डोळ्याला कुणाचे तरी बुबुळ लागते, आणि ते बसवले तरी टिकेलच असे नाही. मोजायला सोपे तेवढे मोजले, शेतात फुटलेल्या डोळ्याचा रकानाच नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक डोळा गेला तर १ लाख रुपये आहेत. यादीत वीज आहे, सर्पदंश आहे आणि 'अन्य कोणतेही अपघात' हेही शब्द आहेत. मग ज्वारीचे पाते हा अपघात नाही काय? आमची मागणी आहे की तो अपघातच धरावा, आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्या वेचणाऱ्या मजूर बायांनाही ही मदत द्यावी. आशाताईंच्या पेटीत मलम आणि ग्रामीण रुग्णालयात नाटामायसिन हवे. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब विकणाऱ्यावर कारवाई हवी.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा: गावात फूल पडलेले किती, कोणत्या कामात लागले, पहिले औषध कुणी दिले, डोळ्याच्या डॉक्टरपर्यंत किती दिवसांनी पोचले. बाटली घरात असेल तर तीही आणावी. हे कागद आपण जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर ठेवणार आहोत.